दैनिकातील चित्रमालिका : ‘चिंटू’ आणि नाशिकचा वाचक

दैनिकात ठरलेल्या जागी, रोज मोजक्या चौकटींत एखादा छोटा प्रसंग रंगवणाऱ्या आणि तीच पात्रे वर्षानुवर्षे वागवणाऱ्या चित्रकथेस चित्रमालिका म्हणतात. मराठी वाचकाला राजकीय व्यंगचित्र ‘मार्मिक’मुळे (१९६०) आणि हास्यचित्र दिवाळी अंकांमुळे परिचित होते, मात्र रोज सकाळी भेटणारा घरचा मुलगा त्याला मिळाला तो चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’मुळे. ही मालिका २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाली आणि पुढे काही काळ ‘लोकसत्ता’तही प्रसिद्ध होत असे.

‘गांवकरी’ आणि ‘देशदूत’ या स्थानिक दैनिकांवर वाढलेल्या नाशिककरांना चिंटूचे जग परके वाटण्याचे कारण नव्हते. जुन्या नाशकातले वाडे सोडून सिडको आणि इंदिरानगरच्या वसाहतींत राहायला गेलेल्या कुटुंबांतील मुले चिंटूच्या पप्पू, मिनी, राजू आणि बगळ्या या सवंगड्यांसारखीच घरासमोर क्रिकेट खेळत, आणि चेंडू अंगणात आला की रागावणाऱ्या जोशीकाकू त्यांच्याही शेजारी होत्याच. पहिल्या चौकटीत आईचा प्रश्न, दुसरीत चिंटूचे साळसूद उत्तर आणि तिसरीत उघडे पडलेले बिंग, एवढ्यावर विनोद उभा राही. त्याला ना राजकारणाचे संदर्भ लागत, ना शब्दांचा पसारा. म्हणूनच जेमतेम अक्षरे जुळवणारे मूल आणि निधनवार्ता वाचून झालेले आजोबा एकाच पानावर येत. मराठी वृत्तपत्राने मुलांसाठी केलेले याहून मोलाचे काम क्वचितच दाखवता येईल.

या लोकप्रियतेतून चिंटूचे पुस्तकसंग्रह निघाले आणि २०१२ व २०१३ मध्ये दोन मराठी चित्रपट आले. तोवर दैनिकातील चित्रमालिका या प्रकाराला ओहोटी लागली होती. १९९५ पासून भारतात दिसू लागलेल्या कार्टून नेटवर्कने हलती चित्रे दिवसभर घरात आणली. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांचा मराठी अंकाशी संबंध विरळ झाला. महागलेल्या कागदामुळे पानांवरची जागाही जाहिरातींसाठी राखली जाऊ लागली. चौकटी लहान झाल्या की चेहऱ्यावरचे बारीक भाव आणि संवादांच्या फुग्यांतील अक्षरे आधी हरवतात, आणि भाव हरवला की विनोद लंगडा पडतो. जागा बदलत राहिल्याने रोज तेच पान उघडण्याची सवयही सुटते. २०२० च्या टाळेबंदीत काही काळ अंक घरोघरी पोचणेच थांबले, आणि अनेकांची वाचनाची सवय मोबाइलवर गेली ती परतली नाही.

मोबाइलवर चित्रमालिका सुटी, ज्याच्या त्याच्या हातात पोचते. एकच अंक घरभर फिरून त्यातल्या त्याच चिंटूवर आजोबा आणि नातवाने सकाळी एकत्र हसावे, ही सोय त्यात उरलेली नाही.