१६ एप्रिलच्या एका ओळीमागे

ठाण्यात, चरईतल्या आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाणी किती वाजता जाणार, लिफ्ट कधी बंद, गच्चीची किल्ली कोणाकडे, हे सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. वरची वीतभर पट्टी मात्र माझी. रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसायची, वाळू द्यायची आणि आजचा दिनविशेष लिहायचा. शाळेतले तीन रकाने अजून तेच आहेत: घटना, जन्म, स्मृतिदिन. फळा वाळेपर्यंत दहाएक मिनिटं जातात, तेवढ्यात वही चाळून होते. एरवी दोन-तीन ओळींत काम भागतं. १६ एप्रिलला भागत नाही.

त्या तारखेला वहीचं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं आहे. १८४८ साली आंध्रात राजमहेंद्रीला कंदुकुरी वीरेशलिंगम यांचा जन्म. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी आगगाडी. १८६७ला विमानवाल्या राइट बंधूंपैकी थोरला विल्बर, १८८९ला चार्ली चॅप्लिन, १९४७ला बास्केटबॉलचा करीम अब्दुल-जब्बार आणि १९७८ला लारा दत्ता यांचे जन्म. १९१७ला लेनिन पेट्रोग्राडला परतला. १९६६ला चित्रकार नंदलाल बोस गेले. १९७२ला ‘अपोलो १६’ चंद्राकडे निघालं. आता हे सगळं एका वितीत कसं बसवायचं?

मी ठाण्याची, त्यामुळे माझी सुरुवात आगगाडीपासूनच होते. दिनविशेषात ती एका ओळीत उरकतात: १४ डबे, ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, २१ मैलांचं म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरचं अंतर. माहिती खरी आहे. पण ती त्या शनिवारच्या दुपारची आहे आणि ती दुपार उगवायला दहा वर्षं लागली होती.

मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले होते. मुंबई, ठाणे आणि कल्याण लोहमार्गाने जोडावं आणि पुढे थळ व बोर हे दोन घाट चढावेत, ही कल्पना त्यांना तिथे सुचली. त्यांचा डोळा देशावरच्या मालावर होता, खास करून कापसावर. वऱ्हाड-खानदेशातला कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून बंदराला येई, आणि वाटेत पावसाळा गाठला की माल सडे. मँचेस्टरच्या गिरण्यांना तो कापूस लवकर आणि कोरडा हवा होता. ठाण्याला स्टेशन मिळालं ते ठाण्याच्या प्रेमापोटी मिळालेलं नाही. घाटाच्या वाटेवर खाडीच्या अलीकडचं मोठं गाव ठाणे होतं, म्हणून मिळालं.

इथले लोक मात्र नुसते बघत बसले नव्हते, आणि याचा मला फार अभिमान वाटतो. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी १८४५ साली ‘इंडियन रेल्वे असोसिएशन’ काढली. पुढे १ ऑगस्ट १८४९ला ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ ही कंपनी अस्तित्वात आली, तिच्याही कारभारात नाना होते. ३१ ऑक्टोबर १८५०ला शीवजवळ पहिली कुदळ पडली. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. १८५२च्या सुरुवातीला भायखळ्याच्या बाजूला ‘फॉकलंड’ नावाचं इंजिन मालडबे ओढायला लागलं. ते बघायला लोटलेली गर्दी ही या शहराची आगगाडीशी खरी पहिली ओळख. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संचालक मंडळी ठाण्यापर्यंत चाचणीची फेरीही करून गेली.

म्हणजे १६ एप्रिल १८५३ला इंजिन पहिल्यांदा धावलं असं नाही. भारतातही त्याआधी रुळांवरून चाकं फिरली होती. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७मध्ये दगड वाहण्यासाठी रूळमार्ग होता, आणि रुरकीला डिसेंबर १८५१मध्ये सोलानीच्या कालव्याच्या कामावर इंजिन माती ओढत होतं. म्हणून फळ्यावर मी ‘पहिली गाडी’ असं कधी लिहीत नाही, ‘पहिली प्रवासी गाडी’ लिहिते. एका शब्दाचा फरक आहे, पण रुरकीच्या मजुरांवर अन्याय नको.

मजुरांवरून सांगते. शीवची दलदल भरणं, भराव घालणं, मुंब्र्याच्या बाजूला डोंगर फोडणं, खाडीवर दगडी कमानींचा पूल उभारणं हे सगळं हजारो हातांनी केलं. गाडी खाडीपलीकडे कल्याणला पोचली १ मे १८५४ला, आणि पुढे १०६ वर्षांनी तीच तारीख महाराष्ट्राच्या स्थापनेची ठरली. या पाथरवटांना आणि बिगाऱ्यांना दिनविशेषात रकाना नाही. त्यांच्यापैकी कोणाची जन्मतारीख कोणी लिहूनच ठेवली नव्हती.

तेव्हा आपल्याकडे जन्म लक्षात राहायचा तो तिथीने, नाहीतर ‘पटकीच्या साथीच्या वर्षी’, ‘मोठ्या पुराच्या आधी’ असा. शाळा आल्या, दाखले आले आणि तारीख सक्तीची झाली. मग नाव घालायला आलेल्या पोराचं वय मास्तरांनी अंदाजाने धरलं आणि रजिस्टरात १ जून टाकून दिलं. महाराष्ट्रात कुठल्याही सरकारी कचेरीत निवृत्तीची यादी काढा, १ जूनचे वाढदिवस किती निघतात ते दिसेल. आमच्याच इमारतीत तिघं आहेत. तिघांना खरा दिवस माहीत नाही, पण १ जूनला फळ्यावर शुभेच्छा दिसल्या नाहीत की तिघंही विचारतात. योगायोग असा, की आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं ते १ जून १८९३ला, ‘दख्खनची राणी’ सुरू झाली ती १ जून १९३०ला, आणि आयपीएलचा पहिला अंतिम सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला तोही १ जून २००८ला. शेवटच्या चेंडूवर राजस्थानने चेन्नईला हरवलं होतं.

चॅप्लिनचीही गत फार वेगळी नाही. १६ एप्रिल १८८९, लंडन, असं जगभर छापलं जातं, पण त्याच्या जन्माचा अधिकृत दाखला कधी सापडलेला नाही. गरिबाघरचं पोर, नोंद राहून गेली असेल. त्याने स्वतः सांगितलेली तारीख जगाने मानली. सप्टेंबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले होते, तेव्हा चॅप्लिन त्यांना भेटायला गेला आणि यंत्रांना तुमचा विरोध का, असं त्याने विचारलं. पाच वर्षांनी त्याचा तो कारखान्यातला, यंत्राच्या दातांत सापडलेला मजूर पडद्यावर आला. पहिल्या आगगाडीच्या वाढदिवशीच हा माणूस जन्मला होता, ही गोष्ट मला दरवर्षी नव्याने आवडते.

तारखेचा सगळ्यात मोठा घोळ लेनिनच्या ओळीत आहे. स्वित्झर्लंडहून निघून, जर्मनीतून बंद डब्यातून प्रवास करत तो पेट्रोग्राडच्या फिनलंड स्टेशनवर उतरला. रशियाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवशी ३ एप्रिल होता. रशिया तेव्हा जुनी जूलियन कालगणना पाळत होता, पश्चिम युरोपच्या १३ दिवस मागे. फेब्रुवारी १९१८मध्ये त्यांनी ती बदलली, आणि मागच्या घटना जगाने नव्या तारखांनी लिहायला घेतल्या. इंग्रजांनी हाच बदल १७५२मध्ये केला होता, म्हणून आपल्या गाडीच्या तारखेबद्दल वाद नाही.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. शिवजयंती तारखेने १९ फेब्रुवारीला की तिथीने फाल्गुन वद्य तृतीयेला, हा वाद आपण घरोघर ऐकलेला आहे आणि ठाण्यात दोन्ही दिवशी मिरवणुका निघतात. जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ १९७३पासून भिंतीवर आलं, ते एकाच चौकटीत दोन्ही दाखवायचं म्हणून घराघरात टिकलं. १९५७पासून आपली एक राष्ट्रीय दिनदर्शिकाही आहे. तिच्या हिशोबाने १६ एप्रिल म्हणजे २६ चैत्र, आणि लीप वर्षी २७. आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी ते ऐकू येतं, बाकी फारसं कोणी वापरत नाही. मला ते वाईट वाटतं.

तारखेच्या खाली आणखी एक थर आहे, घड्याळाचा. गाडी बोरीबंदरहून सुटली ती ३ वाजून ३५ मिनिटांनी, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण कोणाचे ३:३५? तेव्हा प्रत्येक शहराचं घड्याळ आपापल्या सूर्यावर चालायचं. पुढे आगगाड्या शहरांना जोडत गेल्या आणि वेळापत्रक जमेना, म्हणून रेल्वेने देशभर मद्रासची वेळ धरली. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने हट्टाने स्वतःचा ‘बॉम्बे टाइम’ १९५५पर्यंत सांभाळला. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायचा. घरात एक वेळ आणि स्टेशनवर दुसरी, असं अर्धं शतक चाललं. माझी आजी त्याला ‘रेल्वे टायम’ म्हणायची आणि गाडी गाठायची असली की घरच्या घड्याळात मनातल्या मनात ३९ मिळवायची. त्याच हिशोबाने १८५३चे मुंबईचे ३:३५ म्हणजे आजचे ४ वाजून १४ मिनिटं.

विल्बर राइट आणि ‘अपोलो १६’ आगगाडीच्या पंगतीत आले, हा निव्वळ योगायोग. वर्षाचे दिवस ३६५ आणि जगातल्या घटना लाखो, एका दिवशी प्रवासाच्या तीन-चार गोष्टी पडणारच. तरी विल्बरची एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. १७ डिसेंबर १९०३ला पहिलं उड्डाण ऑर्व्हिलने केलं, १२ सेकंदांचं. त्याच दिवशीचं सगळ्यात लांबचं उड्डाण विल्बरचं होतं: ५९ सेकंद आणि ८५२ फूट. ठाणे स्टेशनचा एखादा लांब फलाट डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढं. आता पारसिकच्या डोंगरापलीकडे उलव्याला विमानतळ उभा आहे, त्यामुळे नवी मुंबईच्या मंडळींना विल्बरचा वाढदिवस जवळचा वाटायला हरकत नाही.

वीरेशलिंगम मात्र आपल्याकडच्या याद्यांत बहुधा गळतात, म्हणून त्यांचं नाव मी मोठ्या अक्षरात काढते. तेलुगू गद्याची घडण करणारा हा माणूस. मुलींसाठी शाळा काढली आणि ११ डिसेंबर १८८१ला राजमहेंद्रीत विधवाविवाह लावून दाखवला. लोकांनी वाळीत टाकलं, तरी एकामागून एक असे विवाह लावतच राहिले. नट्यांच्या वाढदिवसांबद्दल माझी तक्रार नाही. लारा दत्ता २०००ची मिस युनिव्हर्स, तिचीही ओळ असते. पण अशा माणसाला वगळून यादी पुढे सरकू नये.

खेळाच्या रकान्यात करीमच्या ३८,३८७ गुणांचा विक्रम जवळपास ३९ वर्षं टिकला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये मोडला. मुंबईकरांना त्याच वर्षीचा १६ एप्रिल दुसऱ्या कारणाने आठवतो. वानखेडेवर अर्जुन तेंडुलकर मुंबई इंडियन्सकडून पहिला आयपीएल सामना खेळला. वडील आणि मुलगा दोघेही आयपीएल खेळले, तेही एकाच संघाकडून, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मुंबईच्या पुरुषांच्या संघाने महिला संघाची जर्सी घातली होती, आणि मला जास्त भावलं ते हेच. कारण महिला प्रीमियर लीगचा पहिलावहिला सामना दीडच महिन्यापूर्वी, ४ मार्चला, नेरुळला झाला होता आणि मुंबईच्या मुलींनी तो १४३ धावांनी मारला होता.

नेरुळने पुढे आपली स्वतःची तारीख मिळवली: २ नोव्हेंबर २०२५. भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी. पावसामुळे सामना दोन तास उशिरा, संध्याकाळी पाचला सुरू झाला आणि शेवटचा झेल हरमनप्रीतच्या हातात विसावला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. त्या दिवशीच्या माझ्या पट्टीवर सकाळी शाहरुख खानचा वाढदिवस लिहिलेला होता. रात्री खाली गेले, जागा नव्हती म्हणून कडेला उभी ओळ लिहिली. सकाळी पुसायला फडका घेतला, पण हात होईना. ३ नोव्हेंबरचा दिनविशेष त्या वर्षी फळ्याच्या खालच्या बाजूला, पाण्याच्या वेळेशेजारी गेला.

१६ एप्रिलला मात्र मी दुपारी स्टेशनात जाते. ४:१४ला बोरीबंदरहून सुटलेली ती गाडी, शीवला पाणी घेऊन, तास-सव्वा तासाने म्हणजे आजच्या सव्वापाच-साडेपाचला ठाण्यात शिरली असणार. त्या सुमाराला एक नंबरवर कामावरून सुटलेली पहिली गर्दी उतरायला लागलेली असते. बाकड्यावर जागा मिळाली तर बसते, नाहीतर पुलाच्या कठड्याशी उभी राहते आणि साडेपाचची कल्याण गाडी गेली की घरी येते.