समाधान (दैनंदिन जीवनातील)

समाधान : हाती असलेल्या क्षणात मन ठरणे आणि त्या क्षणात जे मिळाले आहे त्याची कृतज्ञ जाणीव होणे, या दोन्हींसाठी मिळून मराठीत वापरला जाणारा शब्द. ‘सम् + आ + धा’ म्हणजे नीट एकत्र ठेवणे, या संस्कृत घडणीतून तो आला असून ‘समाधी’ हा त्याचाच सख्खा भाऊ आहे. वेदान्तात शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान अशी साधकाची सहा अंगे सांगितली आहेत. तेथे समाधान म्हणजे चित्ताची एकाग्रता. मराठीत या अर्थात तृप्ती मिसळली आणि पुढे तीच ठळक झाली, तरी मूळचा अर्थ पुसला गेला नाही. पानावरून उठताना माणूस ‘समाधान झाले’ म्हणतो, तेव्हा पोट भरल्याचे आणि मन निवल्याचे तो एकाच शब्दात सांगत असतो.

‘कृतज्ञ’ या शब्दाची फोडही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले आहे हे जाणायचे, तर आधी तिकडे लक्ष जावे लागते, आणि लक्ष जाण्यासाठी धावणारे मन घटकाभर थांबावे लागते. म्हणून आंतरिक स्थैर्य आणि कृतज्ञता यांना दोन वेगळ्या साधना मानण्यापेक्षा एकाच कृतीच्या दोन बाजू मानणे अधिक योग्य ठरते. मराठी घरांत आभार शब्दाने मानण्याची रीत फारशी नव्हती. आईने वाढलेल्या ताटासाठी ‘आभारी आहे’ म्हटले, तर ते आजही परकेपणाचे वाटते. कृतज्ञता कृतीतून दाखवली जाई : पानापुढे हात जोडणे, पुस्तकाला पाय लागल्यास ते कपाळाला लावणे, दिवसाच्या पहिल्या बोहनीचे पैसे डोळ्यांना लावणे, सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी पाय लागणार म्हणून जमिनीची क्षमा मागणे, जेवण झाल्यावर ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणणे. या कृतींना काही क्षणच लागतात, पण तेवढा वेळ माणूस पूर्णपणे समोरच्या वस्तूपाशी असतो.

पातंजल योगसूत्रांत संतोष हा पाच नियमांपैकी एक असून त्यापासून अनुत्तम, म्हणजे ज्याहून श्रेष्ठ नाही अशा, सुखाचा लाभ होतो, असे दुसऱ्या पादात म्हटले आहे. वारकरी परंपरेने हा विचार घराघरांत नेला. तुकारामांच्या ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान’ या ओळीत समाधानाची जागा चित्त ही आहे, हे विसरता कामा नये. त्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल. सावता माळ्यांना मळ्यातल्या भाजीतच विठाई दिसली. रोज म्हटल्या जाणाऱ्या हरिपाठाची सुरुवात तर देवाच्या दारी ‘क्षणभरी’ उभे राहण्याने होते. त्या एका शब्दात कामकरी माणसाच्या दिवसाची केवढी जाण आहे! संसार टाकून वनात जा असे तो सांगत नाही, दारात क्षणभर उभे राहा, एवढेच सांगतो.

बौद्ध परंपरेत या विषयाची मांडणी सर्वांत नेमकी झाली आहे. महामंगल सुत्तात ‘सन्तुट्ठि’ आणि ‘कतञ्ञुता’, म्हणजे संतुष्टी आणि कृतज्ञता, हे शब्द एकाच ओळीत शेजारी शेजारी येतात आणि त्यांना उत्तम मंगल म्हटले आहे. मुंबईतील बौद्ध वस्त्यांत मंगल प्रसंगी हे सुत्त म्हटले जाते. सतिपट्ठान सुत्तात चालताना, खाताना, श्वास घेताना त्या त्या क्रियेची जाण ठेवण्याची रीत सांगितली आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी असून तेथील भिक्षूंच्या खोल्यांत दगडातच कोरलेले बाक आणि बाहेर पावसाचे पाणी साठवणारी टाकी आजही दिसतात. बसायला एक बाक आणि प्यायला पाणी, एवढ्यावर एक वस्ती शतकानुशतके चालली. त्याच उपनगराच्या पश्चिमेला, खाडीपलीकडे गोराई येथे २००९ मध्ये खुला झालेला, विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीसाठीचा पॅगोडा आहे. त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि तेथे सुमारे ८,००० साधक एकत्र बसू शकतात. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून आल्यावर भारतातले पहिले विपश्यना शिबिर १९६९ साली मुंबईतच घेतले. त्यातील आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणे, महाराष्ट्र शासनाच्या ‘मित्र उपक्रमा’तून शाळांतही पोहोचले.

आधुनिक मानसशास्त्राने याच गोष्टी मोजून पाहिल्या. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सजगतेवर आधारित ताणनिवारणाचा अभ्यासक्रम सुरू केला. एमन्स व मॅक्‌कलो यांच्या २००३ मधील प्रयोगांत, ज्यांनी कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी नियमितपणे लिहिल्या, त्यांना आपले जीवन एकंदरीत अधिक बरे वाटले. किलिंग्जवर्थ व गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांच्या नोंदी तपासल्या. त्यांत सुमारे ४७ टक्के वेळी लोकांचे मन हातातल्या कामावर नव्हते आणि अशा वेळी ते कमी सुखी होते. हे प्रयोग मुख्यतः अमेरिकेत झाले आहेत, त्यामुळे ते आपल्या चाळींना आणि लोकलना जसेच्या तसे लावणे घाईचे होईल.

मुंबईत या वृत्तीचे सर्वांत लोभस रूप उपनगरी रेल्वेत पाहायला मिळते. कोविडपूर्व काळात या रेल्वेने रोज सुमारे ७५ लाख प्रवासी जात. एवढ्या गर्दीत शांतता असणार नाही असे वाटते, पण रोजच्या ठरलेल्या गाडीने जाणाऱ्यांनी ती शोधून काढली आहे. कोणी डोळे मिटून जप करतो, कोणी मांडीवर छोटी पोथी उघडतो, तर काही डब्यांत टाळ घेऊन भजनी मंडळ उभे असते आणि पत्र्यावर ठेका धरला जातो. लांबच्या प्रवासात बसलेला माणूस निम्म्या वाटेवर उठून उभ्या असलेल्याला ‘बसा आता तुम्ही’ म्हणतो. हा कुठेही न लिहिलेला नियम आहे. मिळालेल्या जागेवर टेकताना त्या माणसाचे खांदे सैल होतात आणि तो पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहतो. प्रस्तुत विषयाचे याहून चांगले उदाहरण देणे कठीण आहे.

दसऱ्याआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी हीच मंडळी डबा सजवतात. पहाटे दादरच्या फुलबाजारातून किंवा आपापल्या स्टेशनाबाहेरून झेंडूच्या माळा घेतल्या जातात. गाडी यार्डातून फलाटाला लागली की कोणी उभ्याने धरायच्या कड्यांना माळा बांधतो, कोणी पंख्यांच्या जाळीला पताका चिकटवतो, दाराजवळच्या दांड्याला आंब्याचा टाळा आणि भाताची लोंबी लटकते. डब्यातल्या छोट्या तसबिरीपुढे नारळ फुटतो, आरती होते, मोटरमनला हार आणि पेढा दिला जातो. वर्षभर ज्या डब्यात धक्के खाल्ले, त्याच डब्याच्या पत्र्याला हळदकुंकू लावून नमस्कार केला जातो. ही खंडेनवमीची शस्त्रपूजाच आहे. गिरणीत यंत्राला, टॅक्सीवाल्याकडे चाकाला आणि सुताराकडे रंध्याला जो मान मिळे, तो येथे गाडीला मिळतो. कोळीवाड्यांतील नारळी पौर्णिमेमागेही हीच भावना आहे : पावसाळी मासेमारीबंदीनंतर होड्या पुन्हा समुद्रात जातात, तेव्हा वरळी, माहीम, वर्सोवा येथे वाजतगाजत नारळ समुद्राला अर्पण केला जातो. भाईंदरच्या खाडीपुलावर धावत्या गाडीतून निर्माल्य आणि नारळ फेकण्याच्या सवयीला मात्र या पंक्तीत बसवता येत नाही. त्यात खाडी घाण होते, पुलाखालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते आणि फेकणाऱ्याचे लक्ष खाली कोण आहे याकडे नसते.

समाधान या शब्दाचा दुरुपयोगही पुष्कळ झाला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय ही नोंद प्रामाणिक होणार नाही. ‘ठेविले अनंते’ ही ओळ अनेकदा वरून खाली ऐकवली जाते : मालक कामगाराला, सासू सुनेला, सुखवस्तू माणूस गरजूला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नंतर मुंबईकरांच्या सोशिकतेचे कौतुक झाले, आणि नाले का तुंबले हा प्रश्न त्या कौतुकाखाली दबला. लोकांनी त्या रात्री अनोळखी माणसांना घरात घेतले, चहा-बिस्किटे वाटली. ती कृतज्ञतेने आठवावी अशीच गोष्ट आहे. पण तिच्यामुळे कोणाची जबाबदारी माफ होत नाही. तसेच दीर्घकाळचे नैराश्य हा आजार असून त्यावर उपचार लागतात. ‘समाधानी राहा’ हा सल्ला त्याची जागा घेऊ शकत नाही.

तुकारामांनी समाधान चित्तात असू द्यावे म्हटले. मजुरी किती घ्यावी याबद्दल त्या ओळीत काही नाही. गिरणगावातल्या माणसांनी हा फरक वेगळा शिकवल्याशिवाय ओळखला होता. लालबाग-परळच्या चाळींत पाळी संपल्यावर भजनी मंडळे बसत, एकादशीला रात्रभर मृदंग वाजे, आणि जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामावरून बाहेर पडले. गिरणीच्या दाराशी भरणाऱ्या कामगारांच्या द्वारसभेला जाणारे आणि संध्याकाळी टाळ हातात घेणारे लोक त्याच चाळींतले होते.