पाच पौंडांचे चित्र: मार्टिन फ्रॉबिशर, १५७७

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात मार्टिन फ्रॉबिशर या इंग्रज दर्यावर्दीचे पूर्णाकृती तैलचित्र आहे. ढगळ विजार, कमरेला तलवार, हातात पिस्तूल, मागे पृथ्वीचा गोल आणि पाहणाऱ्यावर रोखलेली करडी नजर. हे चित्र बहुतेक वेळा ‘आर्माडाशी लढलेला वीर’ अशा ओळीसह छापले जाते. स्पॅनिश आरमाराशी झालेली ती लढाई १५८८ ची आणि चित्र १५७७ चे. ते काढले तेव्हा फ्रॉबिशर ‘सर’ नव्हता आणि एलिझाबेथ राणीच्या आरमाराचा नामांकित सेनानीही नव्हता. तो एका कंपनीचा कप्तान होता आणि चित्राचे पैसेही त्या कंपनीनेच भरले.

कंपनीचे नाव कॅथे कंपनी. कॅथे म्हणजे चीन. आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे जाणारी वाट तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि पूर्वेतली त्यांची राजधानी होती गोवा. त्यांच्याशी थेट झुंजण्यापेक्षा अमेरिकेच्या उत्तरेकडून बर्फातली वाट शोधावी, असा लंडनचा व्यापारी मायकेल लॉक आणि फ्रॉबिशर यांचा बेत होता. १५७६ च्या जूनमध्ये ‘गेब्रिएल’ आणि ‘मायकेल’ ही दोन छोटी जहाजे एका होडीसह निघाली. होडी वाटेत बुडाली, ‘मायकेल’ अर्ध्यातून परतले. ‘गेब्रिएल’ आजच्या कॅनडाच्या उत्तरेकडील बॅफिन बेटापर्यंत पोहोचले. तिथल्या आखाताला फ्रॉबिशर सामुद्रधुनी समजला. तिथे त्याचे पाच खलाशी हरवले. येताना त्याने एका इनुइट माणसाला, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशाला, पकडून आणले. तो लंडनमध्ये थोड्याच दिवसांत मरण पावला.

जहाजातून एक काळा दगडही आला होता आणि पुढचे सगळे रामायण त्या दगडाने घडवले. लंडन टॉवरच्या पारख्याने तो मार्कासाइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, ठरवला. आणखी पारख्यांनाही त्यात सोने दिसले नाही. मग जोव्हान्नी बात्तिस्ता आन्येल्लो या व्हेनिसच्या माणसाने १५७७ च्या जानेवारीत त्याच दगडातून सोन्याची पूड काढून दाखवली. इतरांना जमले नाही ते तुम्हाला कसे जमले, असे लॉकने विचारल्यावर तो म्हणाला, निसर्गाची खुशामत करता आली पाहिजे. लॉकने एवढ्यावर सावध व्हायला हवे होते.

चित्र याच वर्षीचे. चित्रकार कॉर्नेलिस केटेल हा गौडा गावचा डच. १५७३ पासून लंडनमध्ये होता. लॉकच्या हिशेबात फ्रॉबिशरच्या मोठ्या चित्राचे पाच पौंड आहेत आणि ‘गेब्रिएल’ जहाजाच्या चित्राचेही पाच. त्या इनुइट माणसाचीही चित्रे कंपनीने केटेलकडून काढून घेतली. म्हणजे कप्तान, जहाज आणि ‘पुरावा’ असा हा संचच होता. इंग्लंडमध्ये तेव्हा ओकच्या फळीवर छातीपर्यंतची चित्रे काढण्याची रीत होती. माणूस उभाच्या उभा दाखवायचा तर मोठा कॅनव्हास लागे. केटेलला ते तंत्र अवगत होते. (पुढे ॲमस्टरडॅममध्ये हाच गृहस्थ ब्रश बाजूला ठेवून बोटांनी आणि नंतर पायांनी चित्रे काढू लागला.) त्या संचातले आज फक्त फ्रॉबिशरचेच चित्र उरले आहे. म्हणून ते एकट्या वीराचे स्मारक वाटते. प्रत्यक्षात ती भागधारकांसाठी केलेली जाहिरात होती: गोल म्हणजे वाट, पिस्तूल म्हणजे हिंमत.

पिस्तूल चाकाच्या चापाचे आहे. आत पोलादी खाचेरी चाक असते, ते किल्लीने पिळून ठेवायचे. घोडा ओढला की चाक गरकन फिरते, दगडावर घासते आणि ठिणगी पडते. हा दगड बहुधा पायराइट असे, म्हणजे पुन्हा लोह आणि गंधकच. टॉवरच्या पारख्याने ज्या जातीत तो काळा दगड ढकलला होता, त्याच जातीचा दगड कप्तानाच्या हातातल्या चापात!

१५७७ च्या सफरीला राणीने आपले ‘एड’ हे जहाज दिले. सुमारे २०० टन दगड आला. १५७८ ला १५ जहाजे गेली आणि हजार टनांहून अधिक दगड घेऊन आली. तो वितळवायला लंडनजवळ डार्टफर्डला भट्ट्या बांधल्या. पारखीत दगडाची पूड शिशाबरोबर वितळवतात. शिसे उडून किंवा मुरून गेले की उरतो तो मणी सोन्या-चांदीचा. पण शिशातच मुळात थोडी चांदी असते. कोरे शिसे वेगळे जाळून ती वजा केली नाही, तर दगड श्रीमंत भासतो. मोठ्या भट्टीत मात्र हा भास टिकत नाही. तो दगड हॉर्नब्लेंड या साध्या काळसर खनिजाचा होता आणि कवडीमोल ठरला. तिन्ही सफरींवर सुमारे २० हजार पौंड गेले होते. लॉक कर्जापायी तुरुंगात गेला. डार्टफर्डच्या जुन्या भिंतीत ते काळे दगड आजही दिसतात.

फ्रॉबिशर मात्र सावरला. १५८८ मध्ये ‘ट्रायम्फ’ या प्रचंड जहाजाचे नेतृत्व त्याच्याकडे होते आणि लढाई चालू असतानाच इंग्रज आरमाराचा प्रमुख लॉर्ड हॉवर्ड याने त्याला नाइट, म्हणजे ‘सर’, केले. १५९४ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या क्रोझॉनच्या किल्ल्यावर त्याला गोळी लागली आणि प्लिमथला परतल्यावर त्या जखमेने तो मेला. केटेलच्या कॅनव्हासवर यातले काहीच नाही. तिथला फ्रॉबिशर अजून सोन्याच्या भरवशावर उभा आहे.