लाउटरब्रुनेन दरी

स्वित्झर्लंडमधील बर्न प्रांताच्या डोंगराळ भागातली, हिमनदीने कोरलेली दरी. तळ जवळजवळ सपाट आणि दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंचीचे सरळ कडे, अशी तिची इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी घडण आहे. लाउटरब्रुनेन हे मुख्य गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर असून इंटरलाकेनहून आगगाडीने वीस मिनिटांत गाठता येते. दरीत ७२ धबधबे असल्याचे सांगतात. मात्र त्यांतले बरेचसे बर्फ वितळण्याच्या दिवसांत किंवा पावसानंतरच दिसतात.

सर्वांत प्रसिद्ध धबधबा श्टाउबबाख, उंची २९७ मीटर. पाणी थोडे असले की वाऱ्याने त्याची धार मध्येच विस्कटते आणि खाली नुसते तुषार येतात. जर्मन कवी गटे १७७९ मध्ये येथे आला आणि या धबधब्यावरून त्याला कविता सुचली. पुढे हा धबधबा पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली.

खरे आश्चर्य मात्र ट्र्युमेलबाख येथे, डोंगराच्या पोटात आहे. आयगर, म्योंश आणि युंगफ्राउ या तीन शिखरांवरील हिमनद्यांचे पाणी येथे खडकातल्या अरुंद घळीतून एकाखाली एक अशा दहा धबधब्यांनी कोसळते. भर उन्हाळ्यात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पाणी वाहते. बोगद्यातल्या लिफ्टने वर जाऊन पायऱ्यांनी उतरत ते पाहायचे. शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते, कठडा ओला असतो आणि खडकाला हात लावला तर त्याची थरथर जाणवते. हिवाळ्यात हे ठिकाण बंद असते. युंगफ्राउयोख या उंचावरच्या प्रसिद्ध रेल्वे स्थानकाच्या मानाने तिकीट बरेच स्वस्त, तरी घाईच्या सहलींत नेमके हेच गाळले जाते.

येथील पर्यटन वाढवले ते रेल्वेने. इंटरलाकेनहून येणारा मार्ग १८९० मध्ये सुरू झाला, तर वेंगेन गावावरून क्लायने शायडेग या खिंडीकडे चढणारी दातेरी रुळांची गाडी १८९३ मध्ये. दुसऱ्या मार्गाचे रूळ पहिल्यापेक्षा अरुंद, अवघ्या ८०० मिलिमीटर अंतराचे असल्याने लाउटरब्रुनेनला गाडी बदलावीच लागते. पुढे आयगर व म्योंशच्या पोटातून बोगदा खणून १९१२ मध्ये युंगफ्राउयोखचे ३,४५४ मीटर उंचीवरील स्थानक उघडले. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींत ते हमखास असते. या दरीत न येता शेजारच्या ग्रिंडेलवाल्ड गावाकडूनही तिथे जाता येते, आणि २०२० मध्ये तिथून थेट वाटेवरच्या आयगरग्लेचर स्थानकाला नेणारी रोपवे सुरू झाल्यापासून तो प्रवास आणखी लवकर होतो.

कड्यांवरची वेंगेन आणि म्युरेन ही गावे मोटारमुक्त आहेत. म्युरेनला १९२२ मध्ये अर्नल्ड लन यांनी आधुनिक स्लालम (खांबांमधून वळणे घेत स्कीवर उतरण्याची) शर्यत भरवली. वेंगेनची लाउबरहॉर्न स्की शर्यत १९३० पासूनची. कड्यांवरून पॅराशूट घेऊन उडी मारणारेही जगभरातून येतात आणि त्यात माणसे दगावली आहेत.

दरीची खरी ओळख पायी होते. लाउटरब्रुनेनहून श्टेखेलबर्गपर्यंत नदीकाठाने सुमारे सहा किलोमीटरची वाट आहे, जवळजवळ चढ नसलेली, ज्येष्ठांनाही जमेल. बाजूला गवताची कुरणे आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. कंटाळा आला तर परतीला पिवळी पोस्टबस मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये गावातला एकमेव मुख्य रस्ता फोटो काढणाऱ्यांनी आणि मोटारींनी तुंबतो. त्यामुळे मोटारीने एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा विचारही गावात झाला आहे.