कढईतल्या पाण्याचा हिशेब

कांदा गरम तेलात पडला की चर्र होतं. हा आवाज तेलाचा नसतो, पाण्याचा असतो. कांद्याच्या वजनात जवळजवळ ८९ टक्के पाणीच. ते तेलाला भिडलं की क्षणात वाफ होऊन उसळतं. म्हणजे अर्धा किलो कांदा चिरून टाकला, तर आपण खरं तर सुमारे ४४० ग्रॅम पाणी कढईत ओतलेलं असतं. मीठ-मसाला बेतात असूनही एखादा पदार्थ पांचट लागतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा या पाण्याचा असतो.

पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं आणि तिथंच अडून बसतं. आच वाढवली तर वाफ जास्त होते, तापमान वाढत नाही. शिवाय वाफ करणं हे फार खर्चिक काम आहे. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० पर्यंत तापवायला ८० कॅलरी पुरतात. पण त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. कढई गच्च भरली की शेगडीची सगळी ताकद यातच संपते, आणि ज्याला आपण परतणं म्हणतो ते प्रत्यक्षात उकडणं असतं.

खरपूसपणा सुरू होतो तो त्यापुढे. साधारण १४० अंशांच्या आसपास साखर आणि प्रथिनांमधली अमिनो आम्लं झपाट्यानं एकमेकांशी संयोग पावू लागतात आणि त्यातून तपकिरी रंग आणि शेकडो सुगंधी संयुगं तयार होतात. भाजल्याचा खमंग वास पायराझिन गटातल्या रेणूंचा, तर मांसाचा भरदार वास बराचसा गंधकयुक्त रेणूंचा. लुई-कमिय मेयार या फ्रेंच संशोधकानं १९१२ साली या प्रक्रियेचं वर्णन केलं. त्याला स्वयंपाकात रस नव्हता. तो शरीरातल्या रसायनांच्या मागे होता. टप्प्याटप्प्यानं नेमकं काय घडतं याचा सुसंगत आराखडा मांडायला १९५३ साल उजाडलं. तो जॉन हॉज या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं मांडला.

कमी तापमानालाही ही प्रक्रिया चालते, पण रेंगाळत. म्हणूनच ‘कांदा दहा मिनिटांत तांबूस करून घ्या’ हे पाककृतींमधलं सर्वांत निर्ढावलेलं खोटं आहे. दहा मिनिटांत पाणी जेमतेम उडतं. गोडसर, गडद, जॅमसारखा कांदा हवा असेल तर मंद आचेवर पाऊण तास धरून चालावं. घाई असेल तर चिमूटभर खायचा सोडा टाकता येतो: अल्कधर्मी वातावरणात अभिक्रिया वेग घेते. मात्र सोड्यानं पेशीभित्तिकांमधलं, पेशींना धरून ठेवणारं पेक्टिनही विरघळतं आणि कांद्याचा लगदा होतो. रश्श्यात ते खपून जातं. नुसत्या परतलेल्या कांद्यात नाही. आणि चिमटीत जरा जास्त सोडा आला, तर साबणासारखी चव कशानंही लपत नाही.

आवाज ऐकत राहिलं तर थर्मामीटर लागत नाही. ओली चरचर हळूहळू बारीक, कोरडी होत जाते. तिथून पुढं रंग भराभर चढतो आणि नजर हटवायची सोय राहत नाही. आळिंबीचंही असंच. तिच्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असतं, म्हणून ती पसरट भांड्यात, थोडी थोडी आणि झाकण न ठेवता परतावी. आधी ती स्वतःच्याच पाण्यात पोहते. ते आटलं की मग तेल. जास्त वेळ परतून ती बिघडेल याची भीती नको. तिच्या पेशीभित्तिका कायटिनच्या असतात आणि कायटिन उष्णतेला दाद देत नाही.

मांस कढईत टाकण्याआधी टिपून कोरडं करायचं तेही यासाठीच. ‘मोठ्या आचेवर भाजलं की रस आत कोंडला जातो’ हा समज जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टस फॉन लीबिखनं १८४७ साली रूढ केला. तो चुकीचा आहे. भाजण्याआधी आणि नंतर तुकडा वजन करून पाहिला तर ते सहज कळतं. एवढंही नको, रस कोंडला असता तर कढई गप्प बसली असती! भाजायचं ते चवीसाठी.

आता उलटा प्रवास. तळाला जो तपकिरी थर धरतो, त्यातले बरेचसे रेणू पाण्यात विरघळणारे असतात. कढई गरम असतानाच अर्धी वाटी पाणी ओतून उलथन्यानं तळ खरवडला की तो सगळा ऐवज रश्श्यात उतरतो. थर काळा, कडू झाला असेल तर मात्र हा मोह टाळावा.

रश्श्याला जो भरीवपणा हवा असतो, त्याची रासायनिक ओळख टोकियोत पटली. किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्रशैवालातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना १९१३ मध्ये सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट हा अशाच चवीचा दुसरा पदार्थ सापडला. पुढे अकिरा कुनिनाका यांनी आळिंबीतल्या ग्वानिलेटचा छडा लावला आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली: ग्लुटामेटसोबत यांतलं एखादं असलं की चव नुसती बेरजेनं वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. टोमॅटो आणि मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट, मांस-मासळीत इनोसिनेट, सुक्या आळिंबीत ग्वानिलेट. म्हणूनच टोमॅटोत शिजवलेलं मांस किंवा चीज घातलेली आळिंबी फारसं काही न करताही जमून जाते.

टोमॅटोबाबत एक तक्रार नोंदवायलाच हवी. अनेक पाककृती बियांभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकायला सांगतात, का तर त्यानं पदार्थ पातळ होतो. पण ग्लुटामेट बाहेरच्या गरापेक्षा या बियांभोवतीच्या भागातच जास्त असतं. तो ठेवा, आणि पाणी आटेपर्यंत टोमॅटो शिजू द्या.