इन्व्हर्टर-चार्जर, मोटरहोममधील
इन्व्हर्टर-चार्जर : मोटरहोम किंवा ट्रेलर अशा फिरत्या घरातील १२ व्होल्ट बॅटरीच्या डीसीपासून (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेपासून) घरगुती एसी वीज (दिशा सतत बदलणारी) तयार करणारे, आणि बाहेरची वीज जोडताच त्याच बॅटऱ्या भरणारे एकत्रित उपकरण. मराठी घरांत ‘इन्व्हर्टर’ म्हणताना चार्जर त्यात धरलेलाच असतो. उत्तर अमेरिकेत दोन्ही वेगवेगळेही मिळतात. पुढील आकडे तेथील १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ पद्धतीचे आहेत.

‘इन्व्हर्टर’ ही संज्ञा बहुधा जनरल इलेक्ट्रिकमधील डेव्हिड प्रिन्स यांच्या १९२५ मधील लेखापासून रूढ झाली. एकदिशकारकाची, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या उपकरणाची, क्रिया उलटी करणारे ते इन्व्हर्टर, असा तिचा अर्थ. तथापि डीसीवरून एसी मिळवण्यासाठी उलटे चालवलेले यांत्रिक परिवर्तक त्याआधीही वापरात होते व त्यांना ‘इन्व्हर्टेड’ म्हणत. त्यामुळे प्रिन्स यांनी शब्द नव्याने घडवला यापेक्षा जुना शब्द नव्या, स्थिर (फिरते भाग नसलेल्या) उपकरणाला लावला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. फिरत्या घरांत आजच्या रूपातील उपकरण साधारणपणे १९८० च्या दशकापासून, मॉस्फेट (विजेची वेगाने उघडझाप करणारे अर्धवाहक घटक) आवाक्यात आल्यावर दिसू लागते.

बाहेरच्या विजेला ‘शोअर पॉवर’ म्हणतात. हा शब्द जहाजांकडून आला. ती आली की आतील ट्रान्सफर रिले (स्रोत बदलणारा स्वयंचलित स्विच) तिला थेट भाराकडे सोडतो आणि चार्जर सुरू होतो. ती गेली की रिले पलटतो. येथेच न्यूट्रल-अर्थ (अर्थिंग) जोडाचा प्रश्न येतो. इन्व्हर्टर स्वतः स्रोत असताना न्यूट्रल व चासी (गाडीचा धातूचा सांगाडा) एकत्र जोडलेले हवेत, नाहीतर दोष झाल्यावर ब्रेकर पडत नाही. शोअर पॉवरवर मात्र हा जोड बाहेरच्या वितरण फलकात आधीच असतो. गाडीतला जोड त्या वेळी सुटला नाही, तर न्यूट्रलचा काही प्रवाह अर्थच्या तारेतून व चासीतून वाहतो आणि जीएफसीआय (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) विनाकारण पडतो. गाडीसाठी बनवलेल्या उपकरणात हे काम रिले करतो. घरगुती किंवा सुट्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय असेलच असे नाही, म्हणून जोडणीपूर्वी ते मीटरने तपासावे.

मायक्रोवेव्ह १,५०० वॅट घेतो तेव्हा ८८ टक्के कार्यक्षमता धरता बॅटरीतून सुमारे १४२ अँपिअर जातात. दहा मिनिटांत २४ अँपिअर-तास. बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर कमी व्होल्टेजचा इशारा देऊन बंद पडतो, याचे कारण पुष्कळदा बॅटरीत नसून केबलमध्ये असते. एका सैल लगचा (केबलच्या टोकावरील धातूच्या जोडाचा) रोध ५ मिलिओहम असला, तरी १५० अँपिअरला पाऊण व्होल्ट तिथेच गळतो आणि ११० वॅटहून जास्त उष्णता होते. २,००० वॅटसाठी सुमारे ७० चौ. मिमी. तांब्याची केबल, तीही शक्य तितकी आखूड, आणि धन टोकाला बॅटरीलगत योग्य क्षमतेचा फ्यूज लागतो. भार नसतानाही २० ते ३० वॅट जातात. म्हणजे दिवसाला सुमारे ५० अँपिअर-तास. गरज नसेल तेव्हा इन्व्हर्टर बंदच ठेवावा.

चार्जिंगचे टप्पे तीन : बल्क (पूर्ण प्रवाहाने भरणे), अॅब्सॉर्प्शन (व्होल्टेज स्थिर ठेवून उरलेले भरणे) व फ्लोट (भरलेली राखणे). पातळ आम्लाच्या शिसे बॅटरीला २५° से.ला दुसऱ्या टप्प्यात साधारण १४.४ ते १४.८ व्होल्ट लागतात, फ्लोटला १३.२ ते १३.६. तापमान वाढेल तसे प्रत्येक अंशाला सुमारे ३० मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. त्यासाठीचा संवेदक बॅटरीलाच चिकटलेला हवा. हवेत लोंबकळणारा चुकीचे मोजतो. १०० अँपिअरचा चार्जर १२० व्होल्टवर सुमारे १४ अँपिअर घेतो, त्यामुळे १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटला जोडताना चार्जरची मर्यादा कमी करावी, अन्यथा पंखा-दिवा लावताच ब्रेकर पडतो.

सर्वांत सामान्य चूक : गाडीतला जुना कन्व्हर्टर (एसीवरून बॅटरी भरणारा वेगळा चार्जर) इन्व्हर्टरच्या आउटपुटवरच राहणे. मग बॅटरी स्वतःलाच भरू पाहते, दोन्ही उपकरणांतील गळती वजा जात जाते आणि काही तासांत ती रिती होते. कन्व्हर्टरचा ब्रेकर बंद करणे किंवा तो इन्व्हर्टरच्या आधी जोडणे, हा उपाय.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला दुसऱ्या टप्प्यात १४.२ ते १४.६ व्होल्ट चालतात. गोठणबिंदूखाली तिला चार्ज करू नये. पातळ आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून इन्व्हर्टर त्याच कप्प्यात बसवत नाहीत.