महाराष्ट्राचे राज्यपाल

राज्यपाल हे महाराष्ट्र राज्याचे घटनात्मक प्रमुख असतात. राज्याचा कारभार त्यांच्या नावाने चालतो, मुख्यमंत्र्यांना शपथ तेच देतात आणि विधिमंडळाने संमत केलेले विधेयक त्यांच्या अनुमतीनंतर कायदा होते. मात्र यांतले बहुतेक काम मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच करायचे असते. सत्तास्थापनेचा पेच पडला की वर्तमानपत्रांचे लक्ष राजभवनाकडे (आताचे नाव ‘लोकभवन’) वळते, एरवी हे पद समारंभापुरते मानले जाते. महाराष्ट्रापुरते तरी हे चित्र अपुरे आहे. मागास विभागांचा विकास आणि आदिवासी क्षेत्रांचे कायदे या दोन बाबतींत इथल्या राज्यपालांवर खास जबाबदाऱ्या आहेत. या जबाबदाऱ्यांविषयीच सर्वांत कमी बोलले जाते.

मुंबईचे गव्हर्नर

या पदाची पाळेमुळे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात आहेत. इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये मुंबई बेट सालाना दहा पौंड भाड्याने कंपनीला दिले. पुढच्याच वर्षी कारभार हाती घेतलेल्या जेरल्ड ऑन्जियरने बेटावर न्यायालये उभी केली आणि व्यापाऱ्यांना वस्तीला बोलावले. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेला हेन्री ऑक्झेंडन हा त्याचाच वकील.

शंभर वर्षांनी मुंबईचा गव्हर्नर मराठ्यांच्या घरातील भांडणात उतरला. १७७३ च्या नियामक कायद्याने मुंबई व मद्रासवर कलकत्त्याची देखरेख आली होती. तरीही विल्यम हॉर्नबीच्या सरकारने १७७५ मध्ये रघुनाथरावाशी परस्पर सुरतेचा तह केला. कलकत्त्याने तो अमान्य करून पुढच्या वर्षी पुरंदरचा तह करवला. मुंबईकरांनी पुन्हा मोहीम काढली आणि १७७९ मध्ये वडगावला त्यांना मराठ्यांपुढे मान तुकवावी लागली. वरिष्ठ सत्तेचा प्रतिनिधी आणि स्थानिक सरकारचा प्रमुख अशी या पदाची दुहेरी ओढ तेव्हापासूनची आहे. राज्यघटनेने ती सौम्य केली, पण ती पुरती संपलेली नाही.

पेशवाई बुडाल्यावर गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९–२७) मराठी समाजाच्या स्मरणात राहिला. त्याने पेशवे विद्वानांना वाटत असलेल्या दक्षिणेच्या निधीतून पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली आणि १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून घेतले. बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत (१८६२–६७) मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला आणि शहर मोकळे वाढू लागले. त्याच सुमारास, २२ जानेवारी १८६२ रोजी, गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली टाउन हॉलमध्ये कायदेमंडळाची पहिली बैठक भरली. जगन्नाथ शंकरशेट तिच्या सभासदांपैकी एक होते. आजच्या विधिमंडळाचा आरंभ तिथपर्यंत नेता येतो.

गव्हर्नरचे पद हे परक्या सत्तेचे सर्वांत ठळक चिन्ह होते आणि लोकांचा रोषही तिथेच पोचला. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याच्या गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यावरून राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. १९३१ मध्ये हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे यांनी गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता आली, तरी गव्हर्नरचे विशेषाधिकार कायम होते. ते रोजच्या कारभारात वापरले जाणार नाहीत असे आश्वासन मिळाल्याखेरीज मंत्रिमंडळ बनवायला काँग्रेस तयार नव्हती. त्यामुळे १९३७ मध्ये मुंबई प्रांतात आधी धनजीशा कूपर यांचे अल्पकाळचे मंत्रिमंडळ आले आणि जुलैत बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर १९४६ पर्यंत गव्हर्नरनेच एकहाती राज्य केले. घटना समितीत बसलेल्या अनेकांनी हे दिवस स्वतः पाहिले होते.

घटना समितीतील निर्णय

राज्यपाल लोकांनी थेट निवडून द्यावा, असा प्रस्ताव १९४७ मध्ये मान्य झाला होता. मे १९४९ अखेरीस तो बदलला. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि आमदारांनी निवडलेला मुख्यमंत्री यांच्यात संघर्ष होईल, हे कारण निर्णायक ठरले. नेहरूंनी नेमणुकीची बाजू घेतली. डॉ. आंबेडकरांनी सांगितले की राज्यपालांना स्वतःच्या अखत्यारीत करण्याजोगे कार्य नाही, कर्तव्ये मात्र आहेत. मंत्रिमंडळाला सल्ला देणे, सावध करणे आणि फेरविचार सुचवणे ही ती कर्तव्ये. पद दुबळे असेल तर ते कसे भरायचे हा प्रश्न फार मोठा नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. पुढच्या काळात पद तितके दुबळे राहिले नाही आणि नेमणूक मात्र केंद्राच्याच हाती राहिली. बहुतेक वादांचे मूळ इथे सापडते.

राज्यपालांची नियुक्ती राष्ट्रपती करतात. उमेदवार भारताचा नागरिक आणि किमान ३५ वर्षांचा असावा लागतो. मुदत पाच वर्षांची, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच. शपथ उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती देतात. राज्यघटनेचे रक्षण आणि राज्यातील जनतेची सेवा व कल्याण यांना वाहून घेण्याचे वचन या शपथेत आहे, केंद्र सरकारचा त्यात उल्लेख नाही. राज्यपाल हे केंद्राचे नोकर नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच स्पष्ट केले आहे. केंद्र-राज्य संबंधांचा विचार करणाऱ्या सरकारिया आयोगाने राज्यपाल राज्याबाहेरचे, नामवंत आणि सक्रिय राजकारणापासून अलिप्त असावेत, तसेच नेमणुकीपूर्वी मुख्यमंत्र्यांशी विचारविनिमय व्हावा, असे सुचवले. यांपैकी राज्याबाहेरची व्यक्ती नेमण्याचा संकेत बव्हंशी पाळला जातो. त्यामुळेच मराठी नेते राज्यपाल झाले ते इतरत्र : काकासाहेब गाडगीळ पंजाबात, हरिभाऊ पाटसकर मध्य प्रदेशात, वसंतदादा पाटील आणि प्रतिभाताई पाटील राजस्थानात.

राजभवनातील माणसे आणि वास्तू

स्वतंत्र भारतात मुंबईचे पहिले भारतीय गव्हर्नर राजा महाराज सिंग (१९४८–५२). १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा श्रीप्रकाश राज्यपाल होते. विजयालक्ष्मी पंडित (१९६२–६४) या पदावर आलेल्या पहिल्या महिला. पी. सुब्बरायन, पी. व्ही. चेरियन आणि अली यावर जंग यांचे पदावर असतानाच निधन झाले. शंकरदयाळ शर्मा इथून उपराष्ट्रपतिपदी आणि पुढे राष्ट्रपतिपदी गेले. सी. पी. राधाकृष्णनही २०२५ मध्ये इथूनच उपराष्ट्रपती झाले. पी. सी. अलेक्झांडर यांची १९९३ ते २००२ ही कारकीर्द विशेष लांब.

मलबार हिलच्या टोकावरील, तीन बाजूंनी समुद्र असलेले मुंबईचे राजभवन हे मूळचे मुख्य निवासस्थान नव्हे. गव्हर्नर आधी परळला, पूर्वी जेझुइटांकडे असलेल्या वास्तूत राहत. १८८० च्या दशकात ते मलबार पॉइंटला हलले. प्लेगच्या काळात, १८९९ मध्ये, परळची वास्तू डॉ. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला मिळाली आणि लस बनू लागली. तीच आजची हाफकिन संस्था. गणेशखिंडीचा राजवाडा पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाला. राज्यपाल त्या विद्यापीठाचे कुलपती, म्हणून त्यांच्या जुन्या घराशी त्यांचे नाते असे शिल्लक आहे. पुणे, नागपूर आणि महाबळेश्वर येथेही राजभवने आहेत. मुंबईच्या राजभवनाखाली २०१६ मध्ये ब्रिटिशकालीन भुयार सापडले. तिथे आता क्रांतिकारकांचे दालन आहे. ज्या गव्हर्नरांविरुद्ध ते लढले त्यांच्याच घराखाली त्यांची नावे कोरली गेली, याचे समाधान वाटते.

अनुशेषाची जबाबदारी

विदर्भ आणि मराठवाडा नव्या राज्यात येताना १९५३ च्या नागपूर कराराने त्यांना न्याय्य वाट्याचा शब्द दिला होता. त्याला घटनेत आधार मिळाला तो १९५६ च्या सातव्या दुरुस्तीतून आलेल्या कलम ३७१ (२) ने. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे, निधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्यांची पुरेशी सोय, या बाबतींत राष्ट्रपती राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात. मंत्रिमंडळावर विसंबून न राहता न्याय पाहणारा कुणीतरी असावा, हा तरतुदीचा आशय.

प्रत्यक्षात अडतीस वर्षे हे कलम कागदावर राहिले. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये मागासलेपण पहिल्यांदा आकड्यांत मांडले. सिंचन, रस्ते, वीज अशा एकेका क्षेत्रात राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे आहे हे मोजून तिने ३,१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष दाखवला. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून मराठी राजकारणात रुजला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. निर्देशांक व अनुशेष समितीने पुढे केलेल्या मोजणीत आकडा १४ हजार कोटींवर गेला. त्यानंतर राज्यपाल दरवर्षी निधीवाटपाचे निर्देश देऊ लागले आणि विशेषतः सिंचनाचा पैसा कोणत्या विभागात किती जावा हे राजभवनातून ठरू लागले.

निवडून आलेल्या अर्थमंत्र्याच्या हिशेबात नेमलेल्या व्यक्तीने हात घालावा का, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो खोडसाळ नव्हता. पण ज्या विभागाचे आमदार संख्येने कमी, त्याला बहुमताच्या सभागृहात वाटा मिळत नव्हता, हेही तितकेच खरे. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि तेव्हा मुदतवाढ मिळाली नाही. विदर्भ-मराठवाड्यातील लोकांच्या दृष्टीने राजभवनाच्या इतिहासातील ही तारीख कोणत्याही शपथविधीहून कमी महत्त्वाची नाही.

अनुसूचित क्षेत्रे

पालघरपासून गडचिरोलीपर्यंत तेरा जिल्ह्यांत राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील आदिवासी क्षेत्रे आहेत. तिथे संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा लागू नाही, अथवा बदलून लागू आहे, असे राज्यपाल साध्या अधिसूचनेने ठरवू शकतात. इतका मोठा अधिकार घटनेने राज्यपालांना अन्य विषयात क्वचितच दिला असेल. बराच काळ तो जवळपास न वापरता पडून होता. मे २०२० मध्ये वनहक्क कायद्यात बदल करून जिल्हा समितीने फेटाळलेल्या दाव्यांवर विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करण्याची सोय झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात आदिवासी व अन्य पारंपरिक वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधू देणारी अधिसूचना निघाली. कुटुंब वाढले की पोरांनी घर कुठे बांधायचे, हा पाड्यावरचा रोजचा प्रश्न राजभवनातून सुटू शकतो, हे त्यातून दिसले.

स्वेच्छाधिकार आणि वाद

राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये शमशेर सिंग प्रकरणात पक्का केला. अपवाद थोडे आहेत. मुख्यमंत्र्यांवरच खटला भरायचा असेल तर परवानगी राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने द्यावी, हे अंतुले प्रकरणात १९८२ मध्ये मान्य झाले. बहुमत राजभवनात नव्हे तर सभागृहात मोजायचे, हे १९९४ च्या बोम्मई निकालाने सांगितले.

महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट १९८०, २०१४ आणि २०१९ अशी तीनदा लागली. २०१९ मध्ये २३ नोव्हेंबरला पहाटे ५.४७ ला ती उठवण्यात आली आणि सकाळी देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. लोकांच्या तोंडी तो ‘पहाटेचा शपथविधी’ असाच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २६ तारखेला तातडीच्या बहुमत चाचणीचा आदेश दिला, त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला आणि २८ तारखेला उद्धव ठाकरे यांनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली. जून २०२२ मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ठाकरे यांना बहुमत सिद्ध करायला सांगितले. ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने ही कृती समर्थनीय नव्हती असे ठरवले. मात्र ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा आणता येत नाही, असेही म्हटले. चूक ठरली, पण तोवर राज्य बदलले होते.

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ सदस्य साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतून राज्यपाल नेमतात. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने पाठवलेल्या बारा नावांवर निर्णयच झाला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे असे म्हटले. तरी नावे तशीच राहिली. पुढच्या सरकारने ती मागे घेतली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जागा भरल्या गेल्या. नकार दिला तर त्यावर बोलता येते, कोर्टात जाता येते, मौनाला मात्र उत्तर देता येत नाही. विधेयकांच्या बाबतीतही हाच प्रश्न देशभर उभा राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मत दिले की राज्यपालांना ठरावीक मुदत घालून देता येणार नाही, पण दीर्घकाळ, कारण न देता काहीच न करणे न्यायालयाच्या मर्यादित तपासणीबाहेर नाही.